दारोदारचं गाणं आणि बायकांचा रंगमंच



बारा कोसांवर भाषा बदलते, असं आपण म्हणतो. भाषा बदलली की गाण्याची चालही बदलते. एकच ओवी दोन गावांत दोन तऱ्हांनी म्हणताना आपण ऐकली आहे. आज आम्ही एका मोठ्या देशाची गोष्ट सांगणार आहोत. तिथे भाषा बदलली की नुसती चाल नाही, अख्खं नाटकच बदलतं. तो देश म्हणजे चीन.

चीनमध्ये गाण्या-बजावण्यातून रंगणारं जुनं नाटक आहे. त्यात गाणं असतं, बोलणं असतं, अभिनय असतं आणि कसरतीसारखी लढाईही असते. बाहेरचे लोक त्याला चिनी ऑपेरा म्हणतात. पण हा ऑपेरा एक नाही. काही वर्षांपूर्वी तिथल्या सरकारनं मोजदाद केली, तेव्हा त्याचे ३४८ प्रकार निघाले. गोष्टी बऱ्याचदा त्याच असतात, पात्रांचे साचेही मिळतेजुळते असतात. पुरुषपात्र, स्त्रीपात्र, रंगवलेल्या चेहऱ्याचा वीर आणि विदूषक हे चौघे जवळजवळ सगळीकडे भेटतात. मग फरक कशात? तर बोलीत आणि चालीत. ज्या मुलखातली बोली, त्या मुलखातली चाल, आणि त्या चालीवर उभं राहिलेलं नाटक.

या चाली आल्या कुठून, हे बघितलं तर मोठी गंमत वाटते. सूचौ शहराजवळ खुनशान नावाचा भाग आहे. तिथल्या गाण्यातून खुनछू हा प्रकार निघाला. सोळाव्या शतकात वेइ ल्यांगफू नावाच्या गायकानं त्याला बासरीच्या साथीचं हळुवार रूप दिलं. शिकलेल्या, श्रीमंत लोकांनी तो उचलून धरला. बीजिंगचा ऑपेरा सगळ्यांत प्रसिद्ध, पण तो मुळात बीजिंगचा नाहीच. १७९० साली छ्येनलोंग बादशहाच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या सोहळ्यासाठी आन्हुई प्रांतातून नाटकमंडळ्या राजधानीत आल्या आणि तिथेच राहिल्या. पुढे हुबेई प्रांताकडचे गायक आले. दोघांच्या चाली एकत्र झाल्या आणि बीजिंगचा ऑपेरा तयार झाला.

हे झालं राजधानीचं. बाकीच्या बऱ्याच प्रकारांची मुळं शेतात, रस्त्यावर आणि पोटापाण्यात सापडतात. वायव्येकडच्या शान्शी प्रांतात छिनछियांग चालतो. त्यात बोरासारख्या एका झाडाच्या कठीण लाकडाचे ठोकळे एकमेकांवर आपटून ताल धरतात आणि उघड्या माळावर ऐकू जावं असं मोठ्यानं गातात. दक्षिणेकडे ग्वांगडाँग प्रांतात नद्या फार, म्हणून तिथल्या मंडळ्या लाल रंगाच्या बोटींतून गावोगाव फिरायच्या. हुबेईतल्या ह्वांगमेइ तालुक्यात चहाची पानं खुडताना बायामाणसं गाणी म्हणायची. त्या गाण्यांतून ह्वांगमेइ हा प्रकार उगवला आणि शेजारच्या आन्हुई प्रांतात वाढला. हेबेई प्रांतात भिकारी दारात उभे राहून गाणी म्हणायचे, त्यातून फिंगजू आला.

म्हणजे चहा खुडणारी बाई, भीक मागणारा माणूस आणि नदीवरचा नाविक यांच्या गळ्यातून हे प्रकार आले. यांतल्याच एकाची गोष्ट आज आम्ही सविस्तर सांगणार आहोत. त्याचं नाव युएजू. तो आधी गरीब शेतकऱ्यांचा होता. मग तो बायकांच्या हाती आला. तो त्यांच्या हाती कसा आला आणि तिथे टिकावा म्हणून त्यांना काय सोसावं लागलं, हे ऐकण्यासारखं आहे.

भात झोडायच्या खोक्यांवर पहिला खेळ

शांघायच्या दक्षिणेला झेजियांग प्रांत आहे. त्यात शंग नावाचा डोंगराळ तालुका होता. आता त्याला शंगचौ म्हणतात. भात, चहा आणि रेशमाचे किडे यांवर लोक जगायचे. जमीन थोडी आणि खाणारी तोंडं जास्त. शेतीचं काम संपलं की पुरुष बाहेर पडायचे आणि दारोदार गाणी म्हणायचे. गाणाऱ्याला कुणी तांदूळ घालायचं, कुणी भाताच्या वड्या द्यायचं. या गाण्याची सुरुवात १८५२च्या सुमारास माथांग गावच्या एका शेतकऱ्यानं केली, असं सांगतात. वाद्य म्हणजे हातातली लाकडी टिपरी आणि लहानसा ढोलकीवजा ठोका. त्याचा आवाज यायचा 'दी-दू, दी-दू'. म्हणून पुढे लोकांनी या गाणाऱ्यांना 'दीदू मंडळी' असंच नाव पाडलं.

बरीच वर्षं हे बसून किंवा उभ्याउभ्या गोष्ट सांगणंच होतं. मग १९०६ सालच्या वसंतात, त्यांच्या पंचांगातल्या तिसऱ्या महिन्याच्या तीन तारखेला, शंग तालुक्यातल्या तोंगवांग गावात काही गाणाऱ्यांनी ठरवलं की आज गोष्ट सांगायची नाही, करून दाखवायची. मंच कुठे होता? शेतकरी भात झोडायला मोठी लाकडी खोकी वापरतात. तशी चार खोकी उपडी ठेवली, त्यांवर दारांच्या फळ्या टाकल्या आणि झाला मंच. कपडे गावकऱ्यांकडून मागून आणले. बाईचं काम पुरुषानंच केलं. २७ मार्च १९०६ हा दिवस आजही युएजूचा जन्मदिवस मानतात.

आणखी अकरा वर्षांनी, १९१७ मध्ये, हे लोक शांघायला पोचले. शांघाय तेव्हा बंदराचं, गिरण्यांचं आणि परदेशी व्यापाऱ्यांचं शहर होतं. पहिल्यांदा कुणी फारसं विचारलं नाही. शहरात बीजिंगच्या ऑपेराचे भरजरी पोशाख आणि कसलेले नट होते. यांच्याकडे टिपरी आणि खेडवळ बोली. पण शांघायमध्ये पोटासाठी आलेले झेजियांगचे लोक पुष्कळ होते. आपल्या बोलीतलं गाणं ऐकायला ते येऊ लागले. हळूहळू ढोल, झांजा आणि दोन तारांचं सारंगीसारखं वाद्य साथीला आलं. १९२५ साली वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत पहिल्यांदा 'युएजू' हे नाव छापलं गेलं. झेजियांगच्या मुलखात पूर्वी युए नावाचं राज्य होतं, त्यावरून हे नाव. ग्वांगडाँगच्या लाल बोटींवरच्या नाटकालाही युएजूच म्हणतात. उच्चार तोच, पण चिनी लिपीतली अक्षरं वेगळी आणि नाटकही वेगळं.

मुलींच्या नावाचे करार

आता बायका यात कशा आल्या? त्या काळी चीनमध्ये नट म्हणजे हलक्या दर्जाचा माणूस. चिंग राजवटीत नटाच्या मुलांना सरकारी परीक्षेलाही बसू देत नसत. बाईनं रंगमंचावर उभं राहायला तर बंदीच होती. म्हणून बीजिंगच्या ऑपेरात स्त्रियांची कामं पुरुष करायचे. त्यात मेइ लानफांग हे नाव जगभर गाजलं. १९११च्या क्रांतीनंतर राजवट गेली, बंदी ढिली झाली, पण लोकांच्या मनातली नाही. हनान प्रांतातली छांग श्यांगयू हीच बघा. पुढे ती तिथल्या ऑपेराची फार मोठी गायिका झाली. तिचं जन्माचं आडनाव चांग. पण मुलगी नाटकात जाते म्हटल्यावर कुळातल्या लोकांनी तिला ते आडनाव लावू दिलं नाही. तिला दुसरं आडनाव घ्यावं लागलं.

अशा काळात, १९२३ साली, शांघायच्या एका नाट्यगृहाच्या मालकाला वाटलं की मुलींची मंडळी काढली तर लोक बघायला गर्दी करतील. तो शंग तालुक्यातल्या श्चियाआओ गावात आला. तिथे वीसेक मुली गोळा केल्या. जुन्या मंडळीतला एक पुरुष नट त्यांना शिकवायला ठेवला. १९२४च्या जानेवारीत या मुली शांघायच्या मंचावर उभ्या राहिल्या. त्यांतल्या शी यिनह्वा हिचं नाव पुढे मोठं झालं. पुरुषांच्या पट्टीत गाताना मुलींचे गळे ओढले जायचे. तिनं आणि तिच्या साथीच्या वादकानं बाईच्या गळ्याला सोसेल अशी नवी चाल बसवली. मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा. गाणं बायकांचं होण्याची सुरुवात पट्टी बदलण्यापासून झाली.

ही पहिली मंडळी बघून तालुक्यात गावोगाव मुलींच्या शाळा निघाल्या. पण शाळा म्हणजे आपण समजतो तशी नव्हे. आई-बापांकडून करार लिहून घेत. काही वर्षं शिकायचं, त्यानंतर काही काळ बिनपगारी काम करायचं, मध्येच सोडून जायचं नाही. कमाई मालकाची. दहा-अकरा वर्षांच्या पोरी पहाटे उठून कसरत करायच्या, चुकलं की छडी खायच्या आणि देवळाच्या फरशीवर निजायच्या. मग आई-बाप का पाठवत? घरात भात पुरत नव्हता म्हणून. दुसरा रस्ता म्हणजे लहानपणीच सासरी देऊन टाकायची किंवा रेशमाच्या, सुताच्या गिरणीत कामाला पाठवायची. मुलगी नाटकात गेली तर निदान तिचं पोट भरेल आणि अंगात कला येईल, असा हिशेब होता.

बायका बघायच्या, बायका रडायच्या

१९३७ साली जपाननं चीनवर मोठी चढाई केली. खेडी ओस पडली. शांघायमधल्या परदेशी लोकांच्या ताब्यातल्या वस्त्यांत लाखो निर्वासित येऊन राहिले. त्यांच्याबरोबर मुलींच्या मंडळ्याही आल्या. १९३८च्या सुरुवातीला याओ श्वेइज्वान यांची मंडळी आली आणि गाजली. त्यांनी एका पत्रकाराला हाताशी धरून नवी नाटकं लिहून घेतली. १९४१पर्यंत शहरात मुलींच्या तीसहून जास्त मंडळ्या झाल्या होत्या. पुरुषांच्या जुन्या मंडळ्या मागे पडत गेल्या.

आता रंगमंचावर सगळ्या बायकाच होत्या. नायिका बाई आणि नायकही बाईच. आणि समोर बसलेल्याही बहुतेक बायकाच. सुताच्या गिरणीतल्या कामगार बाया, दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या मोलकरणी, श्रीमंतांच्या बायका, म्हाताऱ्या आज्या. काहीजणी तर दुकानातल्या किंवा शेजारच्या रेडिओवर ऐकूनच गाणी पाठ करायच्या. त्या काळी शांघायमध्ये खाजगी रेडिओ केंद्रं बरीच होती आणि युएजूच्या गायिका तिथे जाऊन गायच्या. रेडिओवरून बाईचा आवाज बाईच्या घरात पोचतो, हे आम्ही रोज अनुभवतो. तिथे तो ऐंशी वर्षांपूर्वी पोचत होता.

त्यांना हे नाटक एवढं का आवडायचं? लढाया आणि राजकारण यात फार कमी. यात असायची प्रेमाची, लग्नाची, सासरची आणि ताटातुटीची गोष्ट. आणि नायक कसा, तर हळवा, समजून घेणारा, बायकोशी नीट बोलणारा. बाईनं उभा केलेला हा पुरुष बायकांना आपल्या मनातला वाटायचा. खऱ्या आयुष्यात तसा कितीजणींना भेटला होता?

युआन श्वेफन यांनी पगार कुठे घातला

शंग तालुक्यातच १९२२ साली युआन श्वेफन हिचा जन्म झाला. वडील गावात मुलांना शिकवायचे. अकरा वर्षांची असताना ती मुलींच्या मंडळीत दाखल झाली. वयात येता येता ती शांघायची नावाजलेली नायिका झाली. पण प्रसिद्ध होऊनही ही मुलगी साधी राहिली. शाकाहारी जेवायची, साधे कपडे घालायची. शहरातले पैसेवाले लोक नट्यांना मेजवान्यांना बोलवायचे. ती जायची नाही. नटी म्हणजे विकत मिळणारी वस्तू, ही समजूत तिला मान्य नव्हती.

तिच्याबरोबर नायकाचं काम करायची मा चांगह्वा. ही तरुण मुलगी लोकांची फार लाडकी होती. वर्तमानपत्रांनी तिच्या खाजगी आयुष्यावर चिखलफेक केली आणि १९४२च्या सुरुवातीला, ऐन तारुण्यात, ती गेली. युआनबाई तेव्हा स्वतः आजारी होत्या, रक्त ओकत होत्या. त्या गावी परतल्या. त्याच वर्षी वडीलही वारले. नाटक सोडून द्यावं, असं कुणालाही वाटलं असतं. पण त्या शरदात परत आल्या, त्या मनाशी काही ठरवून.

तोवर युएजूला लिहिलेली संहिता नसायची. पडद्यामागे कथेचा कागद लटकवलेला असायचा. कुणी केव्हा यायचं, केव्हा जायचं एवढंच त्यावर. बाकी आयत्या वेळी सुचेल ते. दिवसाला दोन-दोन खेळ असायचे. युआनबाईंना वाटलं की यात आपलं काम सुधारणार नाही आणि आपली इज्जतही राहणार नाही. त्यांनी शांघायमध्ये नव्या पद्धतीची बोलकी नाटकं पाहिली होती. आपल्याकडेही लेखक हवा, दिग्दर्शक हवा, तालीम हवी, नेपथ्य आणि दिवे हवेत, असं त्यांनी मालकाला सांगितलं. मालकाला खर्च नको होता. तेव्हा बाईंनी आपल्या पगारातला बराचसा भाग काढून शिकलेल्या तरुण माणसांना कामावर घेतलं. साल १९४२, वय वीस.

चालही अशीच नवी झाली. १९४३ साली एका नाटकात नवऱ्याच्या मरणाचा प्रसंग होता. जुनी चाल उडती होती, तीत दुःख मावेना. गाता गाता बाईंनी स्वर खाली आणला, लय सावकाश केली. साथीला बसलेल्या चौ पाओत्साई यांनी तो सूर धरला. तीच चाल पुढे युएजूची मुख्य चाल झाली. आज चिनी माणसाला युएजू म्हटल्यावर जो आर्त, हळवा सूर आठवतो, तो हाच.

श्यांगलिनवहिनी

१९४६च्या मे महिन्यात युआनबाईंच्या मंडळीनं 'श्यांगलिन साओ' हे नाटक केलं. 'साओ' म्हणजे वहिनी. लू शुन या थोर लेखकाच्या १९२४ सालच्या कथेवरून ते घेतलं होतं. लू शुन शाओशिंगचे, म्हणजे शंगच्या शेजारचेच. त्यामुळे कथेतलं गाव आणि नाटकातल्या मुलींचं गाव यांत फार अंतर नव्हतं.

गोष्ट एका विधवेची आहे. नवरा गेल्यावर ती सासरहून पळते आणि एका घरी मोलकरीण म्हणून राबते. सासू तिला शोधून काढते, ओढून नेते आणि डोंगरातल्या एका माणसाला विकते. तो नवरा बरा निघतो, मुलगा होतो. मग नवरा तापानं मरतो आणि मुलाला लांडगा नेतो. ती पुन्हा मोलकरीण म्हणून येते. पण आता ती अपशकुनी ठरते. सणाच्या नैवेद्याच्या भांड्यांना तिनं हात लावायचा नाही. देवळाला उंबरा दान केला तर पाप फिटेल, असं कुणी सांगतं. वर्षभर राबून साठवलेले पैसे ती त्यात घालते. तरी घरातले म्हणतात, हात लावू नकोस. शेवटी थंडीत, सणाच्या दिवसांत, ती मरते. सगळे तिला नवऱ्याच्या नावानं ओळखायचे. तिचं स्वतःचं नाव गोष्टीत कुठेच येत नाही.

मैत्रिणींनो, ही गोष्ट ऐकताना चीन आम्हाला दूरचा वाटला नाही. हळदीकुंकवाच्या वेळी कोपऱ्यात उभी राहिलेली बाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

या नाटकाला लू शुन यांच्या पत्नी श्यू क्वांगफिंग आल्या. लेखक, पत्रकार आले. आजवर 'बायकांचं रडगाणं' म्हणून ज्याकडे कुणी बघत नव्हतं, ते नाटक गंभीरपणे बघितलं जाऊ लागलं. पण सगळ्यांना ते रुचलं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युआनबाई रेडिओवर गायला निघाल्या असताना वाटेत एका माणसानं त्यांच्या अंगावर विष्ठा फेकली. बाईनं मान वर केली की तिला घाण करून गप्प बसवायचं, हा मार्ग जगात सगळीकडे सारखाच. त्या गप्प बसल्या नाहीत. पत्रकारांना बोलावून झालेला प्रकार त्यांनी सगळ्यांसमोर मांडला.

दहा बहिणी

आता या गोष्टीतला आमच्या गटाला सर्वांत भिडलेला भाग. शांघायच्या मुली एवढं कमवत होत्या, पण नाट्यगृह मालकाचं, करार मालकाचा, भाव मालक ठरवणार. तेव्हा १९४७च्या उन्हाळ्यात दहा नामवंत अभिनेत्री एकत्र आल्या. एरवी या एकमेकींच्या स्पर्धक. वेगवेगळ्या मंडळ्यांत काम करायच्या. युआन श्वेफन, यिन क्वेइफांग, फान रुइज्वान, फू छुआनश्यांग, श्यू युलान, श्याओ तानक्वेइ आणि आणखी चौघी. त्यांनी ठरवलं की सगळ्यांनी मिळून एक नाटक करायचं. त्यातून येणाऱ्या पैशांतून आपलं स्वतःचं नाट्यगृह आणि मुलींसाठी नाट्यशाळा काढायची. लोकांनी त्यांना 'युएजूच्या दहा बहिणी' म्हटलं.

सरकारी कचेरीनं परवानगीसाठी अडवलं. बहिणी स्वतः कचेरीत गेल्या, वाद घातला आणि ऑगस्टमध्ये खेळ सुरू झाले. थिएटर भरलं. पण ज्यासाठी हे केलं, ते त्यांचं नाट्यगृह त्या वेळी उभं राहिलं नाही. आणि दोनच महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, दहांतली एक बहीण गेली. श्याओ तानक्वेइ, वय सत्तावीस. तिच्या कमाईवर आणि तिच्यावर हक्क सांगणाऱ्या माणसाचा छळ आणि लोकांची कुजबुज तिला असह्य झाली. तिनं जीव दिला. तिला निरोप द्यायला शांघायच्या बाया रस्त्यावर लोटल्या. दहा जणींनी हात धरले होते, तरी एक हात सुटला. गट असला म्हणजे सगळं वाचतं असं नाही, हेही आम्ही इथे सांगितलं पाहिजे. पण त्या दहा जणींची आठवण राहिली ती त्यांनी एकत्र केलेल्या त्या एका नाटकामुळे. १९६४ साली दिग्दर्शक श्ये चिन यांनी अशाच मुलींच्या जगण्यावर 'रंगमंचावरच्या बहिणी' या अर्थाच्या नावाचा सिनेमा काढला.

पुढे काय झालं

१९४९ साली चीनमध्ये कम्युनिस्टांचं राज्य आलं. नव्या सरकारची पायाभरणी करायला बीजिंगमध्ये जी परिषद भरली, तीत जुन्या नाट्यकलेचे चार प्रतिनिधी होते. तिघे पुरुष, त्यांत मेइ लानफांग. चौथ्या युआन श्वेफन. देवळाच्या फरशीवर निजणारी ती मुलगी सत्तावीस वर्षांची झाली होती. १९५०च्या नव्या विवाह कायद्यानं जबरदस्तीची लग्नं आणि बालविवाह बंद केले. १९५५ साली शांघायमध्ये युएजूची सरकारी संस्था निघाली आणि बाई तिच्या प्रमुख झाल्या.

त्या आधी 'ल्यांग शानपो आणि चू यिंगथाय' हा सिनेमा निघाला. नव्या चीनचा तो पहिला रंगीत सिनेमा. चू यिंगथाय ही शिकायची हौस असलेली मुलगी. मुलींना शाळा नाही, म्हणून ती मुलाचा वेष करून शिकायला जाते. तिथे ल्यांगशी मैत्री होते, मैत्रीचं प्रेम होतं. वडील तिचं लग्न दुसरीकडे ठरवतात. ल्यांग झुरून मरतो. लग्नाच्या दिवशी ती त्याच्या थडग्याशी थांबते, थडगं उघडतं, ती आत शिरते आणि दोन फुलपाखरं उडून जातात. युआनबाई यिंगथाय झाल्या आणि फान रुइज्वान ल्यांग. १९५४ साली पंतप्रधान चौ एनलाय यांनी हा सिनेमा जिनिव्हाच्या परिषदेत परदेशी पाहुण्यांना दाखवला. १९५९ साली युएजूच्याच सुरांवरून 'फुलपाखरू प्रेमी' ही व्हायोलिनची रचना तयार झाली. आज ती जगभर वाजते.

मग १९६६ ते १९७६ या काळात सांस्कृतिक क्रांतीच्या नावाखाली जुनी नाटकं बंद केली गेली. राजे, सुंदऱ्या आणि प्रेम हे सगळं त्याज्य ठरलं. कलावंतांना भर सभेत अपमानित केलं. दहा बहिणींतल्या यिन क्वेइफांग या त्या छळात अर्धांगाच्या झाल्या. नायकाच्या कामासाठी ज्यांच्या नुसत्या चालण्याला लोक टाळ्या द्यायचे, त्यांचा एक हात आणि पाय गेला. दशक संपल्यावर नाटक परत आलं. अनेक शहरांत पुन्हा मुली शिकू लागल्या. १९८४ साली हांगचौ शहरात 'श्याओपाइह्वा', म्हणजे 'छोटी शंभर फुलं', ही तरुण मुलींची मंडळी स्थापन झाली. तिथल्या माओ वेइथाओ पुरुषपात्रासाठी प्रसिद्ध झाल्या. मधल्या काळात सरकारनं पुरुषांनाही युएजूत आणून बघितलं. पण लोकांना बायकांचंच युएजू जवळचं वाटत राहिलं.

युआन श्वेफन २०११ साली वारल्या. २०२३ साली शंगचौचीच छन लीच्युन नावाची अभिनेत्री पुरुषवेषात रंगमंचावर आली आणि मोबाइलवरच्या छोट्याशा चित्रफितीमुळे घराघरात पोचली. कॉलेजच्या मुली तिकिटांसाठी धडपडू लागल्या. भात झोडायच्या खोक्यांवर सुरू झालेलं नाटक आज फोनवर बघतात, आणि नायक अजूनही बाईच आहे.

मैत्रिणींनो, साडेतीनशे प्रकारांतल्या या एकाचीच गोष्ट आम्ही सांगितली. बाकीच्यांच्याही अशाच गोष्टी असतील. कुठलीही कला आकाशातून पडत नाही. ती कुणाच्या तरी कामातून, भुकेतून आणि बोलीतून येते. आणि ती कुणाच्या मालकीची, हा प्रश्न गाणाऱ्या माणसानं स्वतः विचारल्याशिवाय सुटत नाही. युआनबाईंनी पगार नाटकात घातला, दहा बहिणींनी स्पर्धा बाजूला ठेवली. जे हवं होतं ते सगळं मिळालं नाही, पण त्यांच्यानंतरच्या मुलींना उभं राहायला फळ्या मिळाल्या.

पुढच्या गटाच्या बैठकीत दोन प्रश्नांवर बोला. आपल्या गावात कुठली गाणी फक्त बायकांच्या गळ्यात आहेत आणि ती आपण कुणाला शिकवतो आहोत? आणि सणाच्या दिवशी आपल्या गल्लीतली कुठली वहिनी अजून कोपऱ्यात उभी असते? तिला तिच्या स्वतःच्या नावानं हाक मारून पुढे बोलवा.